तलावातलं भेंड

भेंड म्हटलं की माझ्या नातींना भेंडीची भाजी आठवते आणि त्या नाक मुरडतात. मग मला सांगावं लागतं की बायांनो, हे झुडूप आहे, पाण्यात उगवणारं. आमच्या चांदा जिल्ह्यातल्या जुन्या तलावांत, पाळीपासून, म्हणजे बांधापासून दूर, जिथे पाणी कमरेला लागतं तिथे ते माणसाएवढं वाढतं. पिवळी फुलं येतात. पानं चिंचेसारखी बारीक, आणि हात लागला की लाजाळूसारखी हळूहळू मिटणारी. वरून बघाल तर काही विशेष नाही. पण पाण्याखालचं खोड मनगटाएवढं जाड होतं, आणि साल काढली की आत पांढराशुभ्र गाभा निघतो, इतका हलका की हातात धरून काही धरलंय असं वाटत नाही. त्या गाभ्याचे कागदासारखे पातळ पापुद्रे सोलायचे, त्यांची फुलं, कळ्या, पोपट करायचे आणि नवरा-नवरीच्या कपाळावर बांधायची बाशिंगं घडवायची, हे माझ्या सासरचं पिढ्यांचं काम.

हल्ली मी हे मोठ्या तोऱ्यात सांगते. तेव्हा मात्र मला या कामाची लाज वाटायची. एका हंगामात तर इतक्या वेगवेगळ्या प्रकारची लाज वाटली की ती सगळी एकाच बाईच्या वाट्याला कशी आली याचं मला अजून नवल वाटतं. गोष्ट पन्नास सालच्या पुढची आहे, चांदा अजून चांदाच होता, त्याचं चंद्रपूर झालं नव्हतं, आणि आमच्या गावापर्यंत मोटार येत नव्हती.

माझं माहेर वरोऱ्याकडचं, कापसाच्या मुलखातलं. आमच्यातही कधीकाळी बाशिंगं व्हायची म्हणे, पण आजोबांनीच ते सोडून शेती धरली. तिकडे पाणी म्हणजे विहिरीचं, दोराने ओढायचं. बाई पाण्यात उतरते हे मी लग्न होऊन पोंभुर्ण्याच्या बाजूला आले तेव्हा पहिल्यांदा बघितलं. इकडे सगळा धान आणि तलाव. तलावात शिंगाडा, तलावात कमळकंद, तलावात मासे, आणि तलावातच माझ्या सासूचं भेंड.

सासूला मी आत्याबाई म्हणायचे. ठेंगणी, रुंद हाडाची, कमी बोलणारी बाई. भेंड काढायचं काम त्या आणि मामाजी, म्हणजे माझे सासरे, जोडीने करायचे. दिवाळी झाली की दोघं पहाटे तलावावर जात. पहिल्या झुडपाला आत्याबाई हळदकुंकू वाहत, दोन्ही हातांनी खोड धरून ठेवत आणि मामाजी पाण्याखाली विळा घालून कापत. या कामात बाईचा हात लागायचा तो सुवाशिणीचाच. नवरीच्या कपाळावर चढणारी वस्तू, ती सौभाग्याच्या हाताने काढावी आणि सौभाग्याच्या हाताने घडावी, असा नेम होता. पुढे घडवायचं सगळं आत्याबाईच करत. ओसरीच्या तोंडाशी, भरपूर उजेडात, पाय पसरून बसत, आणि आसपासच्या गावांतल्या बाया आपल्या लेकीचं बाशिंग होताना बघायला येऊन बसत. पोपटाला चोच लावायची वेळ आली की सगळ्या गप्प होत. मी आत चुलीपाशी धुराने डोळे चोळत असायची आणि मनात म्हणायची, काय एवढं पाहायचं त्यात!

जेठात मामाजी वारले. दोन दिवसांचा ताप आला आणि गेले.

घरात लग्नाची नणंद होती. तिचं गोंडपिपरीकडच्या एका घरी जमलेलं होतं. मरण झालेल्या घरात वर्षाच्या आत लग्न उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, हा रिवाज. तीन वर्षं थांबायला नवऱ्याकडचे तयार नव्हते. तेव्हा माघातली तिथी धरली. म्हणजे भेंडाचा हाच एक हंगाम हातात होता.

तेराव्यानंतर आत्याबाईंनी आपली सोलायची सुरी फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिली. कोणी त्यांना काही बोललं नव्हतं. भावकीतल्या कोणी तोंड उघडायच्या आधीच त्यांनी ओसरीवरची आपली जागा सोडली होती.

"आता तू," एवढंच त्या म्हणाल्या.

मी ती सुरी घेतली. कापूस वेचणारे हात माझे. भेंडाचा पापुद्रा म्हणजे काय हे मी दुरूनच बघितलं होतं. माझा नवरा त्या दिवसांत जंगलातल्या कुपावर लाकूडतोडीच्या कामाला असायचा, पंधरवड्याने एकदा घरी यायचा, आणि त्याला भेंड नि बोरू यांत फरक कळत नव्हता. तो म्हणाला, चांद्याच्या बाजारात चमकी कागदाची तयार बाशिंगं मिळतात, मस्त लखलखतात, आणून टाकू. नणंदेच्या होणाऱ्या सासरचाही तसाच निरोप होता. आत्याबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"साऱ्या गावायच्या पोरी माह्या हातचं भेंड बांधून गेल्या," त्या म्हणाल्या. "माही पोरगी कागद बांधून जाणार नाई. माह्या हातचं नाई तर नाई, घरचं तं होईन."

घरातल्या त्या मोठ्या दुःखात त्यांनी एवढी एकच गोष्ट मागितली. आणि ती माझ्या हातात येऊन पडली.

कार्तिकात आम्ही दोघी तलावावर गेलो. आत्याबाई पाळीवर उभ्या राहिल्या, मी लुगड्याचा काष्टा वर खोचून पाण्यात उतरले. तलावाच्या दुसऱ्या अंगाला ढिवर जाळी टाकत होते. ढिवरांनाही भेंड लागायचं, जाळ्याचा वरचा काठ तरंगत राहावा म्हणून ते त्याचे तुकडे दोरीला बांधायचे, पण त्यांना कसलंही चालायचं. त्यांच्यातल्या कोणाचं माझ्याकडे लक्षही नसेल. मला मात्र वाटत होतं की अख्खा तालुका कामधंदा सोडून माझ्या पोटऱ्या बघायला जमलाय. गाद, म्हणजे तळाचा गाळ, पायाखाली घसरत होती. मांडीला काहीतरी चिकटलं, हात लावला तर जळू. मी किंचाळले आणि मग खरंच सगळ्यांनी बघितलं.

"मीठ लावजो घरी गेल्यावर," आत्याबाई पाळीवरून ओरडल्या. "चाल पुढं."

मी पहिल्या झुडपाला हळदकुंकू लावलं. ते अर्धं पाण्यात पडलं. मग विळा चालवायला लागले. आत्याबाई वरून सांगत होत्या, हे घे, ते राहू दे, त्याला बी आलंय ते सोड. थोड्या वेळाने घरून सांगावा आला की नणंदेच्या होणाऱ्या सासरहून माणूस आलाय, तेव्हा त्या गेल्या. जाताना म्हणाल्या, सावकाश आण. मला सावकाश काही करायचंच नव्हतं. मला त्या पाण्यातून, त्या नजरांतून, त्या जळवांतून लवकरात लवकर बाहेर पडायचं होतं.

भेंड चांगलं निघालं होतं, हे मी आजही सांगेन. मी ते काठावर आणून रचलं आणि मोळ्या बांधल्या. आता मोळी कशी बांधायची हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. माझ्या माहेरी कापूस संपला की पऱ्हाट्या उपटून मोळ्या बांधायचं काम माझंच होतं. दोर खालून घ्यायचा, ढीग वर गोळा करायचा, त्यावर गुडघा रोवायचा आणि दातओठ खाऊन आवळायचं. पऱ्हाटी जितकी आवळाल तितकी बरी, वाटेत सुटत नाही. माझ्यासारखी मोळी आमच्या गावात कोणाची नव्हती. तलावाच्या काठी मी तशाच दोन मोळ्या आवळल्या, डोक्यावर घेतल्या आणि सकाळपासून पहिल्यांदा मान वर करून चालले.

अंगणात नवऱ्याकडचा माणूस चहा पीत बसला होता. शेजारच्या दोन-तीन बाया होत्या. आत्याबाई दाराआड होत्या, नणंद त्यांच्या मागे. मी सगळ्यांच्या मधे मोळ्या टाकल्या आणि दोर सोडला.

खोडांवर दोराचे वळ उठले होते. नुसते वरवर नाही, आतपर्यंत. जिथे गुडघा रोवला होता तिथे ती चपटी झाली होती. आत्याबाई बाहेर आल्या, वाकून बघत राहिल्या. भेंडाचा गाभा एकदा दबला की दबला, तो परत फुगून येत नाही, त्याचा पापुद्रा मधेच तुटतो. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. त्यांच्या तोंडाकडे बघून कळलं.

"पऱ्हाटी बांधली का वो?" त्यांनी विचारलं.

शेजारणी हसल्या. तो पाहुणाही हसला. आत्याबाईसुद्धा किंचित हसल्या, आणि मग ते हसू त्यांच्या तोंडावरून गेलं आणि त्या खाली बसल्या. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं, मीही दोन शब्द बोलले असते, माझी जीभ काही कमी नव्हती. पण त्या एकेक खोड उचलून बघत होत्या आणि बाजूला ठेवत होत्या, आणि बाजूचा ढीग वाढत होता.

नणंद दारातून म्हणाली, "वहिनी, माह्या लग्नाचं होतं ते."

मी आत जाऊन पाण्याचा हंडा उगाच इकडचा तिकडे केला. शरमेने मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणतात ते काय असतं हे मला त्या दिवशी कळलं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं असणार की वरोऱ्याच्या सुनेनं भेंडाची पऱ्हाटी केली. पुढे कितीतरी वर्षं एखादी बाई काही दाबून बांधायला लागली की दुसरी म्हणायची, जरा हळू, तू काय वरोऱ्याची आहेस?

पुन्हा जायचं तर सोपं राहिलं नव्हतं. धानाला शेवटचं पाणी सोडत होते आणि तलाव रोज थोडा उतरत होता. पाणी उतरून खोड उघडं पडलं की आतला गाभा कडक होतो, लाकूडच होतं त्याचं. काठाकडचं चांगलं भेंड मी आवळून मारलेलंच होतं. राहिलं ते मध्यावर, खोलातलं, आणि पाळीवरून तिथलं काही दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गेलो तेव्हा मला वाटलं, आत्याबाई कालच्यासारख्याच पाळीवर थांबतील. मी उतरले. मागे पाण्याचा आवाज आला म्हणून वळून बघितलं तर त्या माझ्या मागोमाग येत होत्या. काष्टा वर खोचलेला, पदर डोक्यावरून घेऊन कमरेला बांधलेला, आणि दोन्ही हात त्या पदराच्या आत. पाणी कमरेवर आलं तरी हात बाहेर काढले नाहीत. गाळात चालताना माणूस हात पसरून तोल सांभाळतो. त्या हातांविना चालत होत्या, एकेक पाऊल रुतवून.

"आत्याबाई, पडाल तुमी!"

"तू पुढं पाह्य."

एका ढिवराने, पांढऱ्या मिशांच्या, जाळं ओढता ओढता विचारलं, "बाई, तुमी काऊन उतरल्या वो पान्यात?"

"पोरीले दाखवाले," आत्याबाई म्हणाल्या.

आणि त्यांनी दाखवलं. हात पदरातच ठेवून, हनुवटीने. हे नाई. ते. त्याच्या मांगचं. ते पाह्य, पान्याखाली फुगलं आहे का, नख लावून पाह्य. नख रुतलं तं घे, कडक लागलं तं सोडून दे. मी पाण्यात हात घालून चाचपायची, त्या माझ्या तोंडाकडे बघायच्या, आणि मी काही बोलायच्या आधीच त्यांना कळायचं. पाणी इतकं गार होतं की बोटं बधिर झाली. त्या सकाळी मला लाज वाटत होती ती आदल्या दिवसासारखी नाही. काल मला माझ्या पोटऱ्यांची वाटत होती. आज मला माझ्या हातांची वाटत होती. ज्यांना या पाण्यातलं सगळं येत होतं ते हात पदरात बांधून ठेवलेले, आणि माझे आडमुठे हात मोकळे. एकेक खोड मी कापायची, पाण्यावर सोडायची, ते हलकं असल्यामुळे तरंगत राहायचं, आणि आमच्याभोवती असं भेंड जमत गेलं.

मग त्यांना ते झुडूप दिसलं. तसं भेंड मी पुढे इतकी वर्षं हे काम केलं तरी पुन्हा बघितलं नाही. सरळ, गाठ नाही, आणि पाण्याखाली माझ्या दोन्ही तळव्यांत मावेना इतकं जाड. आत्याबाईंचा चेहरा उजळला. मामाजी गेल्यानंतर मी तो तसा पहिल्यांदाच बघत होते.

"हे तिच्या पोपटाचं," त्या म्हणाल्या.

मी विळा खाली घातला. खोड मोठं, त्यात गाद पायाखालून सरकत होती. मी कापायला जोर लावला की झुडूप पलीकडे झुकायचं आणि विळा निसटायचा. दोनदा निसटला. तिसऱ्यांदा मी सगळा जीव एकवटून ओढला आणि झुडूप हललंच नाही, घट्ट उभं राहिलं. विळा सरळ आत गेला आणि खोड सुटलं. मी आनंदाने वर बघितलं.

आत्याबाईंनी दोन्ही हातांनी ते धरलं होतं. मामाजींसाठी जन्मभर धरलं तसंच. त्यांना स्वतःला ते कळलं नव्हतं. त्या खोडाच्या कापलेल्या पांढऱ्या तोंडाकडे बघून हसत होत्या. मग त्यांच्या मुठीच्या वरची पानं मिटायला लागली, एकेक जोडी. त्यांनी ती बघितली आणि हात सोडले. झुडूप आमच्या दोघींच्या मधे पाण्यावर आडवं झालं.

मग त्यांनी हात परत पदरात घेतले. पदर आता ओला झाला होता.

"हे ढिवरभाऊले देऊन टाक."

"आत्याबाई, सगळ्यांत चांगलं तं हेच आहे!"

"म्हनूनच दे. त्याचं जाळं मस्त तरंगन."

मी वाद घातला. पाण्यात उभी राहून, दात वाजत असताना, मी सासूशी वाद घातला, की हात लागल्याने झाडाला काय होतं, की हे झाड सोडलं तर पोपट कशाचा करायचा. शेवटी मी ते झुडूप ढकलत ढकलत त्या पांढऱ्या मिशांच्या माणसाकडे नेलं. तो खूष झाला. तिथेच आपल्या छोट्या होडीच्या, डोंग्याच्या काठावर ठेवून त्याने कोयत्याने त्याचे तुकडे केले. मी उभी राहून बघत होते, आणि माझ्या अंगाची आग होत होती. मला राग त्या ढिवराचा आला, ज्याचा बिचाऱ्याचा काही संबंध नव्हता. भावकीचा आला, गावाचा आला, ओसरीवर येऊन बसणाऱ्या त्या सगळ्या बायांचा आला. मला पक्कं वाटलं की ही बाई लोकांच्या भीतीने हे करते आहे. चार डोळे बघतात म्हणून. बघणारं कोणी नसतं तर तिने ते खोड पोटाशी धरून घरी नेलं असतं.

त्या दिवशी भेंड मी दोर न लावता आणलं. ओल्या लुगड्याच्या घडीत, तान्ह्या मुलासारखं, दोन्ही हातांवर आडवं घेऊन, दोन खेपा करून. वाटेत भेटणाऱ्या बाया गालातल्या गालात हसत होत्या. हसू दिलं.

मग वाळवणं आलं, उलटणं आलं, आणि पौषाच्या थंडीत सोलणं आलं. मी ओसरीवर बसायची, आत्याबाई माजघराच्या उंबऱ्याआत, माझ्याकडे तोंड करून. मधे अख्खी ओसरी. तिथून त्या सांगायच्या. सुरी हलवू नको, भेंड फिरव. श्वास रोखू नको. मी पापुद्रे फाडले, बोटं कापली, रडले, सुरी फेकली, परत उचलली. एखाद्या वेळी माझ्या हातून फूल असं बिघडायचं की त्यांचे हात मांडीवरून उचलले जायचे, आणि परत मांडीवर जायचे. मी तिकडे बघायचं टाळायला शिकले.

बाशिंग झालं शेवटी. झालं म्हणजे काय, एकदाचं झालं. फुलं एकसारखी नव्हती. पोपट म्हणून जो केला तो कोंबडीकडे झुकत होता. नणंदेने तो हातात घेतला, खूप वेळ बघितला आणि म्हणाली, "मले आवडलं." ती खोटं बोलत होती. पण त्यानंतर ती मला कधी टोचून बोलली नाही.

लग्नाच्या दिवशी मांडवात नवऱ्याकडच्या बाया जमल्या. त्यांनी नवऱ्याला चांद्याहून आणलेलं चमकीचं बाशिंग बांधलं होतं, उन्हात नुसतं लखलखत होतं. आमचं बघून त्यांच्यातली एक म्हणाली, "हे कोनं केलं वो? बाशिंगवाल्याच्या घरी असं?" दुसरी म्हणाली, "हात बसला नाई अजून." मी तिथेच उभी होते, ताट हातात घेऊन. कान तापले. पण त्याहून वाईट म्हणजे हे सगळं आतल्या खोलीत ऐकू जात होतं हे मला माहीत होतं. आत्याबाई सकाळपासून तिथेच होत्या. लेकीच्या हळदीला नाहीत, मांडवात नाहीत. धान्याच्या कणगीपाशी, भिंतीला टेकून.

मांडवात जायच्या आधी नणंद आईच्या पाया पडायला त्या खोलीत गेली. मी तिच्या मागे. ती वाकली आणि उठली तेव्हा बाशिंग एका बाजूला घसरलं होतं. माझीच गाठ, दुसरं काय होणार. ती गुडघ्यांवर बसली, आईकडे पाठ केली आणि लहानपणी वेणी घालून घ्यायला बसत असेल तशी मान पुढे केली.

"आई, ढिलं झालं वो. बांध ना."

आत्याबाईंचे हात उठले. लेकीच्या डोक्यापर्यंत आले. दोऱ्याची टोकं तिच्या मानेवर लोंबत होती. तिथे ते हात थांबले आणि परत त्यांच्या मांडीवर गेले.

"वहिनी बांधून देईन," त्या म्हणाल्या.

मला राहवलं नाही. मी वळून दार लोटलं, कडी घातली. बाहेर वाजंत्री होती, गलका होता, कोणाला काही कळायचं कारण नव्हतं. मी आत्याबाईंच्या जवळ बसले आणि हळू आवाजात म्हटलं,

"तुमीच बांधा, आत्याबाई. कोनी नाई पाहून राह्यलं."

आणि मला आठवतं, हे बोलताना मला माझंच फार कौतुक वाटलं. किती समजूतदार सून! किती मोठ्या मनाची!

आत्याबाईंनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. दमलेल्या माणसाने बघावं तसं.

"मी पाहून राह्यली ना," त्या म्हणाल्या.

नणंद मान खाली घालून तशीच बसली होती. मी तिच्या मागे गेले, दोरे हातात घेतले आणि बांधले. गाठ पहिल्यापेक्षाही वाईट बसली. पण मांडवातल्या त्या बायांच्या हसण्याची मला आता काही फिकीर नव्हती. त्यांच्यापुढे वाटली ती लाज किरकोळ होती. जिने जन्मभर ओसरीवर, भर उजेडात, सगळ्या गावांच्या देखत बाशिंगं घडवली, तिला मी तिच्या लेकीची गाठ दार लावून, चोरून बांधायला सांगितली होती.

कडी मीच घातली होती. मीच उठून काढली.